फ्रेमच्या दुकानातले माझे गुरू

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. बहिणीला नाही, वर्गातल्या बायकांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही समोर बसून माझ्याकडे बघत नाही आहात. बघत असतात तर मी आजही विषय बदलला असता — ते मला छान जमतं.

महाडला माझा योगवर्ग आहे. बाजारपेठेच्या मागे, एका कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये. पहाटे साडेपाचची एक तुकडी, सातची दुसरी, शनिवारी पोलादपूर. हॉलमध्ये शिरलं की समोर एक फोटो दिसतो. भगवी छाटी, पांढरी दाढी, अर्धे मिटलेले डोळे. सुरुवातीला मी सांगते, "डोळे मिटा, गुरूंचं स्मरण करा." तीसेक बायका त्या फोटोला हात जोडतात. गुरुपौर्णिमेला हार घालतात, पेढे ठेवतात.

तो माणूस कोण, मला माहीत नाही.

कुणीतरी तो फोटो फ्रेम करायला टाकला होता आणि न्यायला आलंच नाही. "घेऊन जा मॅडम, जागा अडवून बसलेत बाबा," फ्रेमवाला म्हणाला. मी घेऊन आले. पुसला, टांगला. नाव विचारलं कुणी, तर सांगायची — स्वामीजींना नाव सांगितलेलं आवडत नसे.

हसलात? हसा. इतकंच असतं तर मीही हसून सांगितलं असतं. त्या खिळ्यावर खरं तर कुणाचा फोटो हवा होता, ते सांगायचंय. तिथे माझी जीभ अडते.

पूर्वी मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या रस्त्याला लागून शाळा. महाडहून एसटीने जायचं, उतरून अर्धा तास चढ. पस्तिशी आली नव्हती तोच कंबर गेली. फळ्यावर खालच्या ओळी लिहायला वाकता येईना. डॉक्टर झाले, पट्टा झाला. शाळेत खिचडी शिजवायला कमलमावशी होती. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, काटक, पाठ ताठ. एक दिवस टोप उतरवता उतरवता म्हणाली, "बाई, तुमी वाकताव तवा श्वास कोंडून धरताव. मंग कंबर बोलल नाय तं काय करल?"

तिथून सुरू झालं. मुलं जेवून खेळायला पळाली की मी स्वयंपाकाच्या शेडमध्ये जायची. ती गोणपाट अंथरायची. नाशिककडच्या एका आश्रमात तिने बारा वर्षं भाकऱ्या भाजल्या होत्या. आधी खिडकीतून बघून शिकली, मग तिथल्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेने तिला आत बोलावून बसवलं. त्या बाईंचं नाव ती रोज घ्यायची — गोणपाटाला हात लावून, डोळे मिटून, मगच पुढचं. मी एकदा विचारलं, हे कशाला? म्हणाली, "जिनं दिलं तिचं नाव घ्यावं गो. नायतर चोरीचं व्हतं." शेडमध्ये ती मला 'गो' म्हणायची. बाहेर आलो की पुन्हा 'बाई'.

केर काढताना श्वास कधी सोडायचा, हंडा उचलताना पोट कसं आत घ्यायचं, गाडीची वाट बघताना दोन्ही पायांवर सारखा भार कसा द्यायचा — सगळं तिचं. पुढे वाकायचं तर गुडघे जरा सैल सोडायचे, कंबरदुख्यांनी तर सोडायचेच, हेही तिचं. वर्षभरात मी मुलांच्या कवायतीत पहिल्या रांगेत वाकून दाखवायला लागले. आज महाडात ज्या 'घरकामातल्या योगा'साठी बायका माझ्याकडे येतात ना, त्यातलं एक अक्षर माझं नाही.

आणि तिचा चहा मी कधी घेतला नाही.

शिकून झालं की ती चहा पुढे करायची. मी म्हणायची, चहा सोडलाय मी, योग सुरू केल्यापासून. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती हसली — "सोडलाव? मंग काल स्टँडवर बशीत वतून कोण पीत व्हती? तुमची जुळी बहीण?" मीही हसले. कप तसाच ठेवून निघाले. तिने पुन्हा कधी पुढे केला नाही.

ती बौद्धवाडीतली. आमच्या घरी असल्या गोष्टी कुणी बोलत नाही — बोलायची वेळच येऊ देत नाही. आणि हे कुठे, तर महाडात. चवदार तळं माझ्या वर्गापासून पाच मिनिटांवर आहे. योग दिनाला बायकांना घेऊन तळ्याकाठी मी फोटोही काढलेत.

पुढे एक प्रमाणपत्र मिळवलं, नोकरी सोडली, वर्ग काढला. पहिल्याच दिवशी एका वकिलांच्या मिसेसनी विचारलं, "तुमचे गुरू कोण हो?" साधा प्रश्न. 'कमलमावशी' एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं — हिमालयातले एक स्वामी. का? कुणी दटावलं होतं का? बंदूक रोखली होती? त्यांच्या भुवया जरा वर जातील, एवढंच भय होतं. 'कोण कमल? कुठल्या?' आणि मग त्या सतरंजीवर बसताना जरा आखडतील. एवढ्यासाठी. पुढच्या आठवड्यात फोटो आणला.

इथवर खोटं होतं. पुढचं त्याहून वाईट आहे.

काही वर्षांनी पोलादपूरला योग दिनाचा मोठा कार्यक्रम झाला. शाळेचा हॉल, दोनशेच्या वर बायका, स्टेजवर मी, शेजारी टेबलावर हार घातलेले स्वामी. चौथ्या रांगेत मावशी. सुनेला घेऊन आली होती. मी तिला पाहिलं, तिने मला. ती हसली. मी — माइक नीट केला.

पुढे वाकायचं आसन आलं. मावशी वाकली, गुडघे जरा सैल, जसे हवेत तसे. कार्यक्रम भरवणाऱ्यांपैकी एक ताई रांगांतून फिरत होत्या, मोठ्याने म्हणाल्या, "मॅडम, या आजी गुडघे वाकवतायत. असं चालतं का?"

सगळा हॉल वळला. मला तेव्हा काय म्हणता आलं असतं, ते मी इतक्या वेळा मनात म्हटलंय की आता पाठ आहे. चालतं. हेच बरोबर आहे. हे मला यांनीच शिकवलं.

मी स्टेजवरून उतरले. तिच्यापाशी गेले. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवले आणि मागे दाबले. म्हटलं, "असं नाही मावशी. सरळ. अगदी सरळ."

तिने केले. साठी ओलांडलेली बाई — तिने पाय ताठ केले. माझ्या हाताखाली तिच्या मांड्या थरथरत होत्या. मी हात काढला नाही. लोक बघत होते.

"आधी कुठं शिकलात का आजी?" ताईंनी विचारलं.

तिने वर पाहिलं, माझ्याकडे. फार वेळ नाही.

"नाय वो. रांधता रांधता आपलं कायतरी."

संपल्यावर बायका रांगेने स्वामींच्या पाया पडत होत्या. मावशी आली. तिने हात जोडले नाहीत. फोटो बघितला, नीट, जवळ वाकून. मग मला विचारलं, "हे कोण?"

"माझे गुरू," मी म्हटलं. तिला. तिच्या तोंडावर.

तिने मान हलवली. टेबलाच्या अलीकडे येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "बरं झालं गो. तुला गुरू मिळाला."

तो टोमणा होता का? मी पुष्कळ दिवस तो टोमणाच आहे असं धरून चालले — रागवायला सोपं जातं. पण तिचा आवाज तसा नव्हता. शेडमध्ये, एखादं आसन मला जमलं की तिचा जो आवाज व्हायचा, तो होता.

पावसाळ्यानंतर सून महाडच्या डेपोत भेटली. "आईची कंबर त्या दिसापासून धरलीय," म्हणाली. "खाली वाकता येत नाय. पण म्हनतात, बाईंची काय चूक, माझंच वय झालं." मी म्हटलं, गरम पाण्याने शेका. माझी गाडी लागली होती. म्हणजे — लागली नव्हती. मी लागलेल्या एका गाडीत जाऊन बसले. ती कुठली होती, तेही पाहिलं नाही.

मी तिच्याकडे गेले नाही. वाडी रस्त्यापासून लांब नाही. दर शनिवारी पोलादपूरला उतरते, तिथून रिक्षा मिळते. गेले नाही.

आज गुरुपौर्णिमा होती. बायकांनी झेंडूचा हार आणला, तो उंच होता म्हणून मीच स्टुलावर चढून घातला. मग डोळे मिटा म्हटलं, गुरूंचं स्मरण करा म्हटलं. पुढे वाकताना सगळ्यांना सांगितलं, गुडघे ताठ — त्या दिवशी दोनशे जणींसमोर बोलून बसले, तेव्हापासून तेच सांगत आलेय.

घरी आले. दार लावून घेतलं. सतरंजी अंथरली, आणि रोजच्यासारखी गुडघे जरा सैल सोडून वाकले. तिने शिकवलं होतं तशी. कंबर दुखत नाही माझी.

सुरुवातीला नाव घेतलं नाही.