पाळीवरची पऱ्हाटी

तळ्याचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळीवर हरळीशिवाय काही उगवू द्यायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. बाभळीचं रोपटं बोटाएवढं दिसलं तरी उपटून फेकायच्या. मी नवी सून, बार्शीटाकळीकडची. मला वाटे, काय बाई ही, तळ्याला लेकरासारखं न्हाऊमाखू घालते! चैत्रात पाणी आटलं की गाळ काढून वावरात टाकायचा. वैशाखात पाळीवर माती घालून धुमसानं धोपटायची. मिरगाच्या आधी सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट, मोकळा करायचा. यात जरा इकडचं तिकडे झालं की घरात बोलणी बसायची. ते तळं त्यांनी आणि सासऱ्यांनी मिळून खोदलं होतं. सासरे गेले, तळं राहिलं.

मग कापसाची ती वर्षं आली. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली आणि इथं वऱ्हाडात माणसं येडी झाली. अमरावतीच्या रस्त्यावर कापसाच्या बैलबंड्यांची रांग तुटेना. लोकांनी ज्वारी सोडून कापूस पेरला, अंगणात पेरला, उकिरड्याच्या कडेला पेरला. आमचे घरधनी काय मागं राहतात! त्यांनी थेट पाळीवर सरकी टोबली.

"पाळीवर कापूस? डोकं फिरलं काय तुह्यं?" सासूबाई कडाडल्या.

"माय, तिथं ओल हाय. एवढी जागा मोकळी काहून ठेवाची?"

खोटं कशाला बोलू, कापसाची पऱ्हाटी अशी आली की बघत राहावं. बोंडं फुटली तेव्हा सारी पाळ पांढरी झाली. गावातली माणसं बघायला येत. मला चांदीचे तोडे मिळाले, ते मी मिरवलेसुद्धा. सासूबाई तेवढ्या पाळीकडं पाठ करून बसायच्या.

फाल्गुनात पऱ्हाट्या निघाल्या. आमच्याकडं त्या कापत नाहीत, मुळासकट उपटतात. वर्षभराचं सरपण होतं. वावरात त्याचं काही वाटत नाही. पण पाळीवर एकेका पऱ्हाटीमागं हातभर खोल भोक राहिलं. सासूबाईंनी एका भोकात कोपरापर्यंत हात घालून बघितला. "ही पाळ नाही राह्यली बाप्पा, चाळणी झाली," म्हणाल्या.

भोकाभोकात चिकणमाती ठोकून भरायला हवी होती. पण मजूर सगळे बंड्यांमागं, कोणी अकोल्याला, कोणी अमरावतीला. घरधनी म्हणाले, "पाणी आलं की माती आपोआप बसते." त्यांनी फावड्यानं वरवर माती ओढून भोकं झाकली आणि मोकळे झाले. मला दिवस गेलेले, म्हणून सासूबाई मला धुमसाला हात लावू देत नव्हत्या. ऊन कलेपर्यंत एकट्याच धोपटत राहायच्या. पाळ लांब होती, पुरी झालीच नाही. आणि मिरगात घरधन्यांनी तिथंच पुन्हा सरकी टोबली.

श्रावणात तळं तुडुंब भरलं. पाळीच्या पायथ्याशी जमीन आधी ओली राहू लागली, मग तिथून पाणी झिरपायला लागलं. सासूबाई रोज सकाळी ते ओंजळीत घेऊन बघायच्या. मला म्हणाल्या, "नितळ हाय तोवर भेव नाही. गढूळ आलं की समजाचं, पाळीची माती आतून वाहून राह्यली." त्या दिवसापासून मला त्या वाटेनं जायचं भेव वाटू लागलं. पऱ्हाटी मात्र वर हिरवीगार डोलत होती. मेलीला काय त्याचं!

पोळ्याच्या सकाळी पाणी गढूळ आलं.

घरधनी बैल धुवायला तळ्यावर निघाले होते. सासूबाईंनी त्यांना वाटेतच गाठलं. "सांडवा खोल कर. तळं अर्धं उतरू दे. आत्ताच्या आत्ता."

"मंग त्या पाण्यात खालच्या वावरातली सारी पऱ्हाटी जाईन, माय. पोळा हाय आज. सणाचं अभद्र बोलू नको."

"आग लागो तुह्या पऱ्हाटीले!"

हे हसले आणि बैल घेऊन पलीकडच्या उथळ काठाला गेले. सासूबाईंनी कुदळ उचलली. मी मागं निघाले तशा वळल्या. "तू वरच थांब, पोरी. पोटात लेकरू हाय."

मी चिंचेखाली उभी राहिले. त्यांनी सांडव्यावर घाव घातले. पाणी वाहू लागलं, पण थोडं थोडं. मग कुदळ टाकून त्या पायथ्याशी उतरल्या, पुन्हा ओंजळीत घेऊन बघायला. मी ओरडले, "आता नका जाऊ तिकडं!" त्यांनी नुसता हात वर करून मला गप्प केलं. तेवढ्यात पाळीचा मधला भाग पऱ्हाटीसकट खचला. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. पाळ होती तिथं पाणी होतं, आणि सासूबाई नव्हत्या.

घटकाभरात तळं रिकामं झालं. पलीकडं बैल गुडघाभर चिखलात उभे, आणि हे कासरा धरून "माय! माय!" करत होते. त्या खालच्या वावरात सापडल्या, आडव्या झालेल्या पऱ्हाटीत.

पाळ पुन्हा कुणी बांधली नाही. पुढच्या मिरगात ह्यांनी तळ्याच्या गाळातच सरकी टोबली. दगडावर डोकं आपटून काय होणार! गावात कुणाला झाला नाही असा कापूस झाला. लेकराला पाठीशी बांधून मी तो वेचला, वेचावाच लागला. पण देवापुढच्या दिव्याला त्या कापसाची वात मी कधी वळली नाही. कापूस शेजारणीकडून मागून आणायची. घरात कापसाचे ढीग लागलेले असताना ही बाई शेजारी का मागते, हे घरधन्यांनी मला जन्मात एकदाही विचारलं नाही.