भंडारा लावलेलं कुत्रं

मी जन्माची संशयी बाई. दुधात पाणी किती हे मी दूधवाल्याचा चेहरा बघून सांगते, असं आमचे हे चारचौघांत सांगतात आणि हशा मिळवतात. मिळवोत बापडे. पण होसूरच्या त्या कुत्र्याची गोष्ट निघाली की तेच विषय बदलतात.

माझी मोठी नणंद होसूरला दिलेली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. बेंगळुरूच्या राजाजीनगरातल्या आमच्या घरातून निघून दोन बसा बदलल्या की तिचं घर. पण मध्ये अत्तिबेलेचा नाका लागतो, आणि नाक्यापलीकडे तमिळनाडू. दुकानांवरच्या पाट्या बदलतात, पोलिसांच्या टोप्या बदलतात, आणि कावेरीच्या पाण्यावरून डोकी तापली की बसच बंद होते. तिकडेही आपली मराठी घरं आहेत, आमच्यासारखीच, कोण कधी कुठून आलं ते विसरून गेलेली. घरात मराठी, दारात दुसरी भाषा. कुलदैवत तेवढं कुणी विसरलेलं नाही. आमचा खंडोबा. शेजारचे कानडी लोक त्याला मैलारलिंग म्हणतात, देव तोच.

चंपाषष्ठीला अक्काकडे मोठा कुळाचार असायचा. वांग्याचं भरीत आणि रोडगे. बाजरी तिथे कुठली मिळायला, नाचणीचेच रोडगे. पहिला घास कुत्र्यांना, कारण कुत्रं खंडोबाचं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. त्या वर्षी अक्काने नवस बोलला होता, म्हणून अंगणात गल्लीतल्या कुत्र्यांची चक्क पंगत मांडलेली. लग्नाला इतकी वर्षं होऊन तिची कूस रिकामी होती, तेव्हा नवस कशाचा हे कुणी विचारायला नको होतं.

मी आत भरीत वाढत होते. अंगणात फक्त अक्का आणि माझी पाच वर्षांची लेक. एकदम पोरीची किंकाळी ऐकू आली. धावत गेले तर तिच्या पोटरीतून रक्त वाहतंय, अक्काने तिला कवटाळलंय आणि कुत्री पांगलीयत.

"कुठलं चावलं?" मी ओरडले.

"आपलं तांबडं गं, रोजचं. त्याच्या तोंडातला रोडगा ओढायला गेली ही."

"काळं होतं," लेक हुंदके देत म्हणाली.

"घाबरलीय पोर," असं म्हणत अक्काने जखमेवर मूठभर भंडारा दाबला. भंडारा म्हणजे शेवटी हळदच. देवाचं कुत्रं, देवाची हळद, सगळे हात जोडून मोकळे. मी पोरीला उचलून नळाखाली नेलं आणि पाय साबणाने खसाखसा धुतला, तर अक्काच्या सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी देवाच्याच अंगावर पाणी ओतलंय. बघा म्हटलं, पोटभर बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात. तेव्हा कुत्रं चावलं की पोटात इंजेक्शनं, रोज एक. डॉक्टरांनी पहिलं दिलं आणि विचारलं, "कुत्रं कुठलं?"

"होसूरचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, ते ठणठणीत राहिलं तर इंजेक्शनं थांबवता येतात. पण कुत्रं दुसऱ्या राज्यात. रीतसर विचारायचं तर कागद इथल्या मोठ्या ऑफिसात जाणार, तिथून मद्रासला, मद्रासहून जिल्ह्याला, मग होसूरला. "तोवर कुत्रं म्हातारं होऊन मरेल," दाराजवळच्या टेबलावरचा माणूस म्हणाला.

तो दवाखान्याचा हेल्थ इन्स्पेक्टर. गोल पोट, कपाळाला विभूती, बोलणं मधाळ. होसूरच्या नगरपालिकेतला इन्स्पेक्टर त्याच्या ओळखीचा निघाला. नाक्याच्या आसपासच्या गावांत हगवण-उलट्यांची साथ आली, की हे दोघं मिळून दोन्हीकडच्या विहिरींत पावडर टाकायचे, वरच्यांना न विचारता. विचारायला गेलं की साथ आटोपून जायची म्हणे. त्याने तिथल्या तिथे फोन लावला, कुत्र्यावर नजर ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाला, "रोज खबर येईल अम्मा. स्वल्प तडीरी, सगळं सरी होईल." म्हणजे जरा दम धरा, सगळं ठीक होईल.

मी कसला दम धरते! सरकारी माणूस न मागता काम करतोय म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. आणि तो तिकडचा? आमच्याकडच्या लोकांनी त्यांच्या बसा जाळून काही फार वर्षं झाली नव्हती. बेंगळुरूच्या पोरीसाठी तो उन्हातान्हात कुत्र्यामागे कशाला हिंडेल? खुर्चीत बसून 'कुत्रं मजेत' म्हणायला काय जातंय? मी हे तोंडावर बोलूनही दाखवलं. इन्स्पेक्टर नुसता हसला. हसला म्हणून माझा संशय आणखी वाढला.

खबर मात्र रोज यायची. कुत्रं खातंय, पितंय, शेपूट हलवतंय. इकडे पोरीच्या पोटावर गाठी आलेल्या. दारात रिक्षा थांबली की ती तांदळाच्या डब्यामागे जाऊन बसायची, तिथून तिला ओढून काढायचं म्हणजे माझाच जीव जायचा. हा रोग अंगात चढला की माणूस पाण्याला भितं, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून मी येता-जाता तिच्या तोंडाला पेला लावायची आणि घोट गळ्याखाली उतरतो का ते बघत राहायची. "आई, पोट फुटेल माझं," पोर वैतागून म्हणायची. फुटू दे, पण पी.

मग अक्काचे फोन सुरू झाले. दिवाळीलासुद्धा फोन न करणारी ही बाई शेजारच्यांच्या फोनवर सारखी मला बोलवायला लागली. "बंद करा गं ती इंजेक्शनं. कुत्रं माझ्या डोळ्यांसमोर हिंडतंय. पोरीचे हाल कशाला करता?"

हे तर पाघळलेच. "ऐकलंस ना? उद्यापासून बंद. मी पोरीला शब्द दिलाय."

"दहा दिवस कुठे झालेत? आणि तुमच्या बहिणीला एवढी घाई कसली?"

"माझ्या बहिणीवर संशय घेतेस?"

"तुमच्या बहिणीवर, कुत्र्यावर आणि त्या दोन्ही इन्स्पेक्टरांवर! कुणालाच सोडलेलं नाही मी!"

आमचं असं कडाक्याचं भांडण झालं. सकाळी मी त्यांचा शब्द मोडून पोरीला काखोटीला मारलं आणि दवाखाना गाठला. इंजेक्शन झाल्यावर ती मुसमुसत बसली होती, आणि मी सरळ इन्स्पेक्टरच्या टेबलाशी गेले. "तुमच्या त्या माणसाने कुत्रं ओळखलं कसं, एवढं सांगा."

"पक्कं ओळखलंय अम्मा. दुसऱ्याच दिवशी तुमच्या अक्कांनी अंगणात दाखवलं. शिवाय कपाळाला हळद होती. पूजेतलंच कुत्रं."

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, हळद त्या एकट्याला नव्हती! पंगतीतल्या झाडून सगळ्या कुत्र्यांना लावली होती. आमच्यात तशीच लावतात!"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. त्याने फोन ओढला आणि अर्धं कन्नड, अर्धं तमिळ असं काहीतरी भराभर बोलला. फोन ठेवून म्हणाला, "मुलीला घेऊन लगेच या म्हणतोय. कुत्रं तिनेच ओळखायचं."

आमच्या ह्यांच्या दुकानात निरोप ठेवला आणि तशीच बस पकडली. होसूरचा इन्स्पेक्टर गल्लीच्या तोंडाशी सायकल धरून उभा होता. काटकुळा, तरुण, पायात धुळीने माखलेल्या चपला. म्हणजे खरंच हिंडत होता म्हणायचा. अक्काच्या अंगणात तांबडं कुत्रं आरामात लोळत पडलेलं.

"हे नाही," लेक म्हणाली. "काळं होतं. एक कान तुटलेला."

इन्स्पेक्टर कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे गेला. चहावाल्याला लगेच आठवलं. तुटक्या कानाचं ना? चंपाषष्ठीनंतर एक-दोन दिवसांत ते तोंडातून लाळ गाळत लॉरीच्या टायरांना चावत सुटलं होतं. ड्रायव्हरांनी दगडांनी मारलं. त्याबद्दल कुणी विचारलंच नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही. आज यांचं ऐकून घरी बसले असते तर?

इन्स्पेक्टर त्याच्या मोडक्या कन्नडात मला म्हणाला, "मी या अक्कांना रोज विचारलं. रोज म्हणाल्या, हेच."

आम्ही दोघांनी अक्काकडे बघितलं. "कॉफी आणते," म्हणत ती आत गेली. बाहेर आली आणि तिने इन्स्पेक्टरपुढे पेला धरला, तो डाव्या हाताने. डाव्या हाताने मीठ वाढलं म्हणून मला नवी नवरी असताना भरल्या पंगतीत बोलणारी ही बाई! उजवा हात पदरात गुंडाळलेला. मी उठले आणि पदर ओढला. मनगटाजवळ दातांच्या खुणा होत्या, सुकलेल्या, वर हळद.

मी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "तुलाही?"

"पोरीला सोडवताना," ती म्हणाली. "ते तिची पोटरी सोडेना, म्हणून त्याच्या जबड्यात हात घातला मी."

"म्हणजे काळंच होतं! ठाऊक होतं तुला! आणि खुशाल सुया बंद करा म्हणून फोन करत होतीस? माझ्या लेकीच्या जिवावर उठलीस अक्का?" खरं सांगते, थोरली नसती तर कानाखाली वाजवली असती.

ती खाली बसली आणि तिने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. "तिसरा महिना आहे. यांच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही अजून. ते पोटात टोचतात गं. इथे टोचतात. तांबडं जिवंत आहे, म्हणजे तांबडंच चावलं, असं मी रोज उठून स्वतःला सांगत होते. पोरीच्या सुया थांबल्या की मलाही घ्यायला नकोत, असं झालं होतं मला. काळं कुठे गेलं ते मी विचारलंच नाही. भीती वाटली."

माझा राग जागच्या जागी होता, पण तो काढायचा कुणावर? माझी पोर त्या जबड्यातून हिनेच ओढून काढली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि दोघी ढसाढसा रडलो. बाहेर तो बिचारा इन्स्पेक्टर कॉफीचा पेला हातात धरून उभाच.

होसूरात औषध संपलेलं, नवं कधी येईल त्याचा पत्ता नाही. इन्स्पेक्टर म्हणाला, बेंगळुरूला घेऊन जा, मी फोन करतो. आमचं आतलं बोलणं कानावर पडलेल्या अक्काच्या सासूबाईंनी दार अडवलं. देवाने इतक्या वर्षांनी दिलंय, त्यात सुया खुपसून घेणार? अक्काने दोन लुगडी पिशवीत भरली आणि सासूबाईंच्या बाजूने वाट काढून माझ्यामागे बसस्टँडवर आली.

सकाळी दवाखान्यात खिडकीवरच्या कारकुनाने पत्ता ऐकला आणि मान हलवली. "तमिळनाडू? मग तिकडेच जा." माझं तोंड उघडायच्या आत आमचा गोल पोटाचा इन्स्पेक्टर उठून आला आणि त्याच्याशी असा भांडला की सगळी रांग बघायला लागली. मधाळ आवाज कुठल्या कुठे. "होसूरचा फोन मी घेतलाय, बाई माझ्या सांगण्यावरून आलीय, मी उत्तर देईन!" कारकुनाने चिठ्ठी फाडून हातात दिली.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दिवस गेलेत म्हणून हे टाळता येत नाही. या रोगातून कुणी परत येत नाही, सुई घ्यायलाच हवी. बाळाला काही होऊ नये. 'होऊ नये' म्हणताना ते अक्काकडे न बघता सुईकडे का बघत होते? मी तिथेही संशय घेतला. अक्काने फक्त एवढंच विचारलं, "दोघं वाचू ना?"

"आई वाचली तरच ते वाचेल," डॉक्टर म्हणाले.

अक्काला मुलगा झाला, गुटगुटीत. तो आज मला मामी म्हणून हाक मारतो, आणि माझी लेकही धडधाकट आहे. पण त्या सकाळी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. लेकीचं आधी झालं आणि ती डोळे पुसत बाजूला उभी राहिली. अक्का टेबलावर आडवी झाली. नर्सने लुगडं खाली सरकवायला सांगितलं, तर हिचे हात पोटावरून हलेनात. लेकीनेच पुढे होऊन आत्याचं एकेक बोट सोडवलं. अक्काने डोळे मिटले आणि ओठ हलवायला लागली. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. वाकून ऐकलं.

"घाबरू नकोस हं सोन्या," ती सांगत होती, "त्या बाजूला सरक. मी आहे मध्ये."