खात्याचं म्हणणं

"खात्याचं म्हणणं आलं का, गुरुजी?" फोन उचलला की साहेबांचं पहिलं वाक्य हेच. माझा नमस्कार वाटेतच राहायचा. मी आखाडा बाळापूरच्या शाळेत मास्तर, आणि जोडीला रेडिओचा आमच्या भागातला बातमीदार. साहेब मूळचे हिंगोलीचे. आधी रेडिओवर बातम्या वाचायचे, पुढे वृत्त विभागाचे प्रमुख झाले. सरकारबद्दलची बातमी आली की कानावरची लाल पेन्सिल खाली यायची, आणि ज्या बातमीत खात्याचं म्हणणं नसेल ती तिथंच आडवी व्हायची.

मुलीच्या लग्नात व्याह्यांनी भाजी खारट असल्याची तक्रार केली, तेव्हा साहेबांनी आचाऱ्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता बराबर झालं. भाजी खारट आहे." तुम्हालाही असा एखादा माणूस भेटला असेल. त्याच्यावर हसावं लागतं, राग धरवत नाही.

मी मात्र एका बातमीसाठी धरला.

साहेब बातम्या वाचत होते त्या काळातली गोष्ट. डोंगरकडा गावाच्या बाजूला एका तांड्यावर लोक श्रमदानानं विहीर खोदत होते. पंधरा हात खाली गेले होते, मुरुमाला ओल लागली होती. त्याच आठवड्यात मंत्र्यांनी सभागृहात तांड्याला नळयोजना दिल्याचं सांगितलं, आणि संध्याकाळी साहेबांनी ते रेडिओवर वाचलं, तांड्याच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी तांड्यानं कुदळी धुतल्या, हळदकुंकू वाहिलं आणि ठेवून दिल्या. नळ येणार म्हटल्यावर विहीर कशाला? पावसाळ्यात खड्ड्याचे काठ ढासळले. नळ काही आले नाहीत. बायका पूर्वीसारख्याच दोन कोसांवरून घागरी आणत राहिल्या.

हिंगोली जिल्हा झाला त्या सुमारास साहेब प्रमुख झाले. मला वाटलं, आता आपला माणूस खुर्चीत बसलाय. मी बातमी पाठवली की योजना झालीच नाही, एक पाइपसुद्धा पडला नाही. खात्याला तीन पत्रं लिहिली होती, उत्तर एकाचंही नव्हतं. साहेबांचा फोन आला.

"खरं आहे ते, मला माहीत आहे," ते म्हणाले. "पण खातं बोलल्याशिवाय मी कसा बोलू, गुरुजी?"

मला त्यांचा भयंकर राग आला. थोडा आजही आहे. दर उन्हाळ्यात मी ती बातमी पाठवायचो, दर उन्हाळ्यात साहेब स्वतः खात्याला फोन लावायचे, आणि खातं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं.

निवृत्त झाल्यावर महिन्याभरात साहेब माझ्या दारात उभे. म्हणाले, तांड्यावर जाऊन येऊ. तांड्याचा नाईक आता म्हातारा झाला होता. साहेब त्या बुजलेल्या खड्ड्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"नाईक, ती बातमी मीच वाचली होती. योजना आली न्हाई, येणारही न्हाई. तुमी विहीर खोदा."

नाईकानं आवाज ओळखला. त्याचा चेहरा एकदम फुलला. "व्हय, ह्योच आवाज. पन साहेब, रेडिओवर तर तसं कायी आलं न्हाई."

"तिथं येणार न्हाई, म्हणून तर मी आलो."

"मंग येईल तवा बघू," नाईक म्हणाला, आणि त्यानं आम्हाला चहाला बसवलं. साहेबांनी तीनतीनदा समजावलं. तो समजूतदारपणे मान हलवत राहिला. परतताना एसटीत साहेब खिडकीशी बसले. मधूनच हात कानाकडे जायचा. पेन्सिल तिथं नव्हती.

दोन वर्षांनी साहेब गेले. मी रेडिओला कळवलं आणि तडक तांड्यावर गेलो. नाईकाला पटेना. धडधाकट माणूस असा कसा जाईल, असं म्हणत त्यानं मलाच धीर दिला. संध्याकाळच्या बातम्या लागल्या. अगदी शेवटी साहेबांबद्दल दोन वाक्यं आली. नाईकानं पटका उतरवून मांडीवर ठेवला.

"गेले बिचारे," तो म्हणाला.

बातम्या संपल्या, गाणी सुरू झाली, तरी त्यानं रेडिओ बंद केला नाही. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "गुरुजी, आमच्या पान्याचं आज बी कायी सांगितलं न्हाई का?"