साडूंच्या वितीचा रणगाडा

टेप, फूटपट्टी आणि मीटर या तिघांविरुद्ध एकट्यानं उभा राहिलेला माणूस पाहायचा असेल, तर सोलापुरात या आणि आमच्या साडूंना भेटा. हा गृहस्थ सगळं वितीनं मोजतो. अंगठा आणि करंगळी ताणून त्यांनी बाजारातली वांगी मोजली आहेत, लोकांच्या लग्नातले मांडव मोजले आहेत, आणि एकदा दवाखान्यात मला भेटायला येऊन शेजारच्या पेशंटचं प्लास्टर मोजलं आहे. "ह्यो पाय चार बोटं आखूड बसनार बगा," असं त्या बिचाऱ्याच्या तोंडावर सांगूनही टाकलं. वीज कार्यालयात उभी हयात कारकुनी केली, पण बोलणं अजून त्यांच्या गावचं, वळसंगचंच. "माप मानसाचं आसतं हो," ते म्हणतात, "पट्टी काय, दुकानात मिळती." सात रस्ता चौकातल्या दुकानातून त्यांनी फ्रीज असाच मोजून आणला आणि तो दारातून आत जाईना. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या थोरल्या मेहुणीनं, कपाळाला हात लावला. साडू शांतपणे म्हणाले, "थंडीनं दार आकसलंय." सोलापुरात, थंडीनं! शेवटी चौकट काढावी लागली. यातली खरी गोम अशी, की साडू अंगानं अगदी बेताचे. हात तर इतका लहान, की अक्कांच्या बांगड्या साबण न लावता त्यांच्या हातात जातात. पैजेवर घातलेल्या मी स्वतः पाहिल्यात.

साडूंचे थोरले भाऊ, अण्णा, वळसंगलाच राहतात. ते यांच्या नेमके उलट. सव्वासहा फूट उंची, आवाज असा की शेतातून हाक मारली तर रस्त्यावरची एसटी थांबावी. एकाहत्तरच्या लढाईत ते रणगाडा चालवत होते आणि गावातल्या चहाच्या हॉटेलात बसून पन्नास वर्षं त्यांनी तो पुन्हा पुन्हा चालवला. लोक आवडीनं ऐकायचे, चेष्टाही करायचे. "अण्णा, तुमाला घडी घालून ठिवत हुते का हो आत?" अण्णा हसून पुढचा गिअर टाकायचे. पण एका पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांचा सत्कार चालू असताना गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "एवढा ताडमाड गडी रनगाड्यात? आचारी आसंल तितं!" सगळं मैदान हसलं. अण्णांनी नारळ टेबलावर ठेवला, शाल घडी करून ठेवली आणि चालत घरी गेले. त्यानंतर ते हॉटेलात गेलेच नाहीत. साडूंनी विनवलं, "मिलिटरीचा कागद दाखवा की एकदा, तोंडं बंद हुतील." अण्णा म्हणाले, "चाच्या हॉटेलात कागद घिऊन बसू व्हय? मानसाच्या तोंडाला काय किंमत हाय का न्हाय?" बस्स, एवढंच बोलले. बोलणारा माणूस गप्प झाला की घर कसं खायला उठतं, ते वळसंगहून येऊन साडू मला सांगत होते आणि सांगता सांगता माझ्या टीपॉयची लांबी मोजत होते. मग एकदम म्हणाले, "साडू, आपुन रनगाडा करायचा. खऱ्याएवढा. सव्वीस जानेवारीला त्याच मैदानात न्हेऊन अण्णाला आत बशिवतो. बगू दे समद्यांनी."

मला वाटलं, हे खूळ चार दिवसांत उतरेल. छे! साडूंनी घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे आणून टाकले. जोडीला त्यांचे एक वेल्डर मित्र आले. हे विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि चटका बसला की दोन्ही. जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्याचे कठडे करून ते इतके कंटाळले होते, की रणगाडा म्हटल्यावर त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही. गल्लीत बातमी पसरली ती वेगळीच. "साहेब टँक बांधायलेत." आता आमच्या गावात नळाला पाणी कधी येईल हे नळालाही ठाऊक नसतं. टँक म्हटल्यावर लोकांना दुसरं काय सुचणार? शेजारणी अक्कांकडे येऊन आपापल्या दोन-दोन घागरी सांगून गेल्या. अक्का आधीच वैतागलेल्या. त्या म्हणायच्या, "पाणी न्हाय बाई त्यात, नुसता खुळेपणा हाय. पायजे तेवढा न्या."

मापं अण्णांकडूनच यायची, फोनवर, आणि तीसुद्धा फसवून. शेवटपर्यंत अण्णांना काही कळू द्यायचं नव्हतं. साडू साळसूदपणे विचारायचे, "अण्णा, उगंच इचारतो, त्ये डायव्हर आत शिरायचं भोक किती आसतं?" पलीकडून जरा वेळानं उत्तर यायचं, "आडीच वीत." दोघे भाऊ एकाच शाळेतले! साडूंचा चेहरा उजळायचा, आणि लगेच पत्र्यावर त्यांची करंगळी टेकायची. वेल्डर टेप पुढे करायचे, "अय्यो, एकदा बघून तर घ्या की सर!" साडू टेपकडे बघायचेसुद्धा नाहीत. तोफ वितीनं, पोलादी पट्टे वितीनं, वरचा घुमट वितीनं. रंगाचं काम माझ्याकडे होतं. मी दुकानात मिलिटरी हिरवा मागितला, डबा उघडल्यावर निघाला पोपटी. साडू म्हणाले, "असू द्या, उसात लपंल." होता होता रणगाडा उभा राहिला. मला तो लढाईसाठी जरा आटोपशीर वाटला, पण मी कुठे खरा पाहिला होता?

सव्वीस जानेवारीला मात्र त्याच वैतागलेल्या अक्कांचा उत्साह सगळ्यांत जास्त. त्यांनी रणगाड्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तोफेला लिंबू-मिरची बांधली, ट्रॅक्टरच्या चाकाखाली लिंबं ठेवली. ट्रॉलीवर चढून आमचा पोपटी रणगाडा अक्कलकोट रोडनं वळसंगला निघाला. शाळेचं मैदान भरलं होतं. झेंडा झाला, रणगाडा खाली उतरवला, आणि साडू अण्णांना हाताला धरून घेऊन आले. अण्णा बघतच राहिले. मग पुढून एकदा, मागून एकदा फिरले, नि भोकाकडे पाहून थांबले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अडीच वीत! पण कुणाची? अण्णांचा पंजा म्हणजे भाकरीचा तवा. साडूंनी सगळा रणगाडा बांगडीच्या हातानं मोजला होता. शेजारी साडूंकडे पाहिलं, तर त्यांचा चेहरा पांढराफटक. त्यांनाही तेव्हाच कळलं होतं. ज्या माणसाचा शब्द खरा करायला निघालो, त्यालाच त्याच मैदानात, त्याच लोकांसमोर आम्ही दुसऱ्यांदा खोटं पाडणार होतो. मागून कुणीतरी फिस्सकन हसलंदेखील.

अण्णांनी चपला काढल्या. वर चढले. कुणाकडे न बघता डावा हात सरळ आभाळाकडे केला, उजवा खांदा पाडला, श्वास सोडला, कंबरेत एक गिरकी घेतली, आणि सव्वासहा फुटांचा, सत्तरी कधीच ओलांडलेला माणूस त्या एवढ्याशा भोकातून सुळ्ळकन आत गेला. शेवटी वर केलेला हात तेवढा दिसला, मग तोही गेला. अशी गिरकी कुणी चुलीपाशी शिकत नाही, हे वळसंगच्या बारक्या पोरालाही कळलं असेल. आतून तो जुना आवाज आला, "हुकूम द्या की! हुकमाबिगर गाडी हलत न्हाय!"

सगळे साडूंकडे बघायला लागले. ते घुमटावर चढले, छाती पुढे काढली, तोंड उघडलं. पण थोरल्या भावाला हुकूम द्यायचा कसा? जन्मात कधी अरे-तुरे केलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "अण्णा... जरा पुडं घेता का?"

"यप्पाऽ!" आतून आवाज आला. "आसला हुकूम आसता तर लढाईच झाली नसती की रे!"

मैदान हसलं, पण यावेळी अण्णांच्या बरोबर हसलं. हॉटेलवाल्यानं भोकातून चहा आत दिला. लोक रणगाड्याला टेकून बसले आणि अण्णा आतूनच सांगू लागले. वेल्डर गॅस-कटर घेऊन काळजीत उभे होते. अण्णांनी दटावलं, "कापू नका, आलो तसा जाईन." ऊन कललं तसे गेलेच, तीच गिरकी उलटी घेऊन. बाहेर येऊन त्यांनी भोकावर आपला पंजा ताणला. दोन वितीसुद्धा भरेना. त्यांनी साडूंकडे पाहिलं. "बारक्या, कुनाच्या वितीनं मोजलंस?"

पेन्शनर साडूंनी शाळेतल्या पोरासारखा हात पाठीमागे लपवला. अण्णांनी तो ओढून पत्र्यावर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. साडूंचा हात पार दिसेनासा झाला. "आजून तेवडाच हाईस की रे," अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी हात काही उचलला नाही.

परतीच्या वाटेवर ट्रॉलीत साडूंनी काहीच मोजलं नाही. मला थोरला भाऊ नाही. इतक्या वर्षांत त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र फार वाटलं.