एकतीस नंबरचा डावरा

अप्पा शेवडे पोस्टात पाकीट टाकायला येत, ते आधी दोन सोनारांकडे तोलून. एका सोनारावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून दोन. पाकिटाच्या मागे बारीक पेन्सिलीनं गुंजांमधलं वजन लिहिलेलं असे. मी ते पाकीट आमच्या काट्यावर ठेवलं की अप्पा खिडकीच्या गजांना नाक लावून काटा थांबेपर्यंत बघत राहत. मी तेव्हा हेदवीहून नुकता रत्नागिरीत आलेला, बंदराकडच्या एका लहानशा पोस्टात उमेदवार कारकून. वय एकोणीस, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि सरकारी नोकर झाल्याची ऐट. पहिल्याच दिवशी मी त्यांना ऐकवलं, "आजोबा, काटा सरकारी आहे." अप्पा म्हणाले, "सरकारी आहे म्हणूनच बघतोय." आणि तिकिटावर माझा शिक्का पडेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

कोर्टात अठ्ठावीस वर्षं कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले होते. उंच, किंचित पोक काढलेले, डोक्यावर जुनी पगडी आणि काखेत सदा छत्री. छत्री कोणाच्या दारात ठेवायची म्हणजे ती गेलीच, असं त्यांचं मत. "अठ्ठावीस वर्षं मी माणसं देवाच्या शपथेवर खोटं बोलताना लिहून घेतलीत," ते सांगत. "विश्वास पानिपतावर पडला तो पडलाच. आपल्या वाट्याला नुसतं नाव उरलंय." त्यांच्या घरी गवळ्यानं अंगणात येऊन, बाह्या कोपरापर्यंत सारून दूध काढायचं असा नियम होता. परसातल्या कलमांच्या आंब्यांना ते रंगीत सुतळीचे तुकडे बांधून ठेवत, म्हणजे बाजारात दिसला तर आपला आंबा ओळखता यावा. गावात म्हणत, अप्पा आरशात बघतात तेसुद्धा हा कोण आलाय म्हणून.

अशा माणसाला नाद कसला, तर सिगारेटच्या पाकिटातल्या चित्रांचा! ज्यांनी ती पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा विलायती सिगारेटच्या पाकिटात पुठ्ठ्याचं एक चित्र घातलेलं असे, पत्त्याच्या पानाहून लहान. पुढे एखाद्या क्रिकेटवाल्याची रंगीत छबी, मागे इंग्रजीत त्याची माहिती आणि नंबर. असे पन्नास नंबर जमले की मालिका पुरी. अप्पांनी उभ्या जन्मात विडी ओठाला लावली नव्हती. आगबोटीवरचे खलाशी, साहेबांच्या क्लबातला बटलर, शिमग्याला आलेले चाकरमानी, यांच्या मागे लागून ते चित्रं मिळवत. तरी गावाला संशय होताच. विहिरीवर बायका अप्पांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, विचारत, ओढत नाहीत तर मग एवढी पाकिटं रिकामी केली कोणी?

ओटीवरच्या भिंतीवर शिसवी चौकटी टांगलेल्या, एक क्रिकेटवाल्यांची, एक टेनिसवाल्यांची, अशा. दोन्ही बाजूंनी काच, म्हणजे चौकट वळवली की मागचा मजकूर वाचता येई. कडांना लाख ओतून वर अप्पांची मोहोर उठवलेली. बघायला आलेल्याच्या एका हातात चहाची कपबशी आणि दुसऱ्या हातात बेसनाचा लाडू दिल्याशिवाय ते चौकटीवरचा पडदा सारत नसत. मला वाटे, काय हा पाहुणचार! पुढे काकूंनीच एकदा हसतहसत त्याची फोड केली. पाहुण्याचे दोन्ही हात गुंतलेले असले की ह्यांना बरं वाटतं, त्या म्हणाल्या.

अप्पांना इंग्रजी उत्तम येई, पण त्या खेळाडूंची नावं त्यांना रुचत नसत. त्यांनी सगळ्यांची नव्यानं बारशी केली होती. गलमिशावाला जाडा फलंदाज म्हणजे 'खोत'. चेंडू झेलायला वर हात केलेला तो 'फणस उतरवणारा'. डोळे बारीक करून उभा असलेला एक उंच माणूस होता, त्याला ते 'खोटा साक्षीदार' म्हणत आणि त्याच्याकडे खरोखरच रागानं बघत. या पन्नासांत एक घर रिकामं होतं. एकतीस नंबर. तो होता डावऱ्या हाताचा गोलंदाज, आणि तो काही केल्या मिळत नव्हता.

त्याची ओढ अप्पांना इतकी का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. अप्पा जन्माचे डावरे. लहानपणी जेवायला बसले की आई त्यांचा डावा हात पंच्यानं पाठीशी बांधून ठेवी. पूजेत फूल वाहायला चुकून तो हात पुढे आला की वडिलांची छडी बसे. उजव्या हातानं लिहायला शिकेपर्यंत डाव्याची बोटं सुजलेली असत. "ज्या हातापायी मी मार खाल्ला," ते म्हणाले, "त्या हातासाठी तिकडे माणसाचं चित्र छापतात. मला ते एकदा हातात धरून बघायचंय." एवढं बोलून झाल्यावर ते, आपण हे भलत्यापाशी बोललो की काय अशा नजरेनं माझ्याकडे बघत राहिले.

मुंबईत एक पारशी गृहस्थ होते, त्यांनाही हाच नाद. दोघांची सहा वर्षं पत्रानं देवघेव चालली होती. तोंड एकमेकांचं पाहिलेलं नव्हतं. पाकीट रजिस्टर करायला मात्र अप्पा तयार नसत, त्या गृहस्थांनाही करू देत नसत. रजिस्टर म्हणजे चोराला आपण होऊन पत्ता देणं, असा त्यांचा हिशेब. एका आषाढात पारशीबाबांचं कार्ड आलं, की एकतीस नंबर मिळाला, पाठवतोय. अप्पा त्या दिवसापासून टपाल यायच्या वेळी खिडकीशी हजर. मीही उत्साहानं विचारत होतो, आला का डावरा? ही माझी पहिली चूक.

पावसाळ्यात आगबोटी बंद, टपाल घाटातून मोटारीनं यायचं. त्या दिवशी थैली चिंब भिजून आली. अप्पांचं पाकीट हातात घेतलं तर त्याची चिकटवलेली बाजू पार सुटलेली. नियम असा, की अशा पाकिटावर शेरा मारायचा आणि पोस्टमास्तरांना दाखवायचं. मी म्हटलं, म्हाताऱ्याच्या जिवाला उगाच घोर कशाला? मी आमच्या डिंकाच्या बाटलीत बोट बुडवलं आणि पाकीट छान बंद केलं. ही दुसरी, आणि हिनंच माझा घात केला.

अप्पांनी नेहमीप्रमाणे पाकीट खिडकीसमोरच उघडलं. त्याआधी त्यांनी ते हुंगलं. "डिंक ओला आहे," ते म्हणाले. आत पारशीबाबांचं पत्र होतं आणि एकच चित्र, यष्ट्यांमागे बसलेल्या एका खेळाडूचं. पत्रात लिहिलं होतं की एकतीस नंबर पाठवतोय, सोबत हे दुसरं भेट म्हणून. अप्पांनी पाकीट उलटं करून झटकलं, डोळ्याशी धरून आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या बोटाला डिंक अजून तसाच होता.

मी सगळं खरंखरं सांगितलं. पण खरं सांगताना माझी जीभ अडखळत होती, आणि अडखळणाऱ्या माणसांची अप्पांना अठ्ठावीस वर्षांची ओळख. त्यांनी आवाज चढवला नाही. तिथेच उभ्याउभ्या वरच्या साहेबांच्या नावानं अर्ज लिहिला आणि माझ्याच खिडकीतून टाकला. मीच त्यावर शिक्का मारला.

पुढचे तीन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. बेळगावकडचे एक इन्स्पेक्टर आले, माझी वळकटी सोडली, ट्रंक उपसली, पोथीचं पान न् पान झटकलं. मी उमेदवार, चोरीचा ठपका आला असता तर नोकरी जातीच, पुन्हा कुठल्या कचेरीत कोणी उभं केलं नसतं. माझ्याबरोबरचा कारकून मी जवळ गेलो की खण लोटून घ्यायचा. खाणावळीतल्या बाई पान वाढायच्या, पण माझ्यासमोर किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून. आणि एक दिवस, भर पावसात जयगडची खाडी ओलांडून माझे वडील आले. भिक्षुकी करणारा माणूस, गावात कोणाच्या अध्यात ना मध्यात. धोतर पिळत त्यांनी विचारलं, "केशवा, घेतलं असशील तर देऊन टाक." मी घेतलं नाही म्हणालो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, बरं. त्या 'बरं'नं मला जेवढं लागलं तेवढं इन्स्पेक्टरच्या झडतीनं लागलं नव्हतं.

इन्स्पेक्टर आपला कागद पुरा करणार त्याच दिवशी सकाळी अप्पा पोस्टात आले. हातात रुमालात बांधलेली दोन चित्रं. एक तो यष्ट्यांमागचा, दुसरा एकतीस नंबरचा डावरा. दोन्हींची एकेक बाजू सोललेली होती. पावसानं दोन्ही एकमेकांना चिकटून एक झाली होती, ते म्हणाले. सर्द झालेलं चित्र चुलीवरच्या फळीवर सुकत ठेवलं तेव्हा आज सुटली. "साहेब, चोरी झालीच नाही. डोळा माझा चुकला. या पोराचं नाव कागदावरून काढा."

इन्स्पेक्टरांनी चित्रं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, हे तुम्ही शपथेवर सांगाल? अप्पांनी छत्री भिंतीशी टेकवून ठेवली, मी पहिल्यांदाच ती त्यांच्या काखेतून सुटलेली पाहत होतो. "सांगतो," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

मी सुटलो. पुढच्या वर्षी कायमही झालो. गावानं मात्र त्या शपथेवर काडीचा विश्वास ठेवला नाही. जो माणूस आपल्या आंब्याची सुतळी बाजाराच्या दुसऱ्या टोकावरून ओळखतो, त्याला दोन चित्रांचं एक झालेलं कळलं नाही? पोरानं गुपचूप परत दिलं असणार आणि म्हाताऱ्यानं दया केली, असंच सगळे म्हणत. मी यावरून दोघांशी कडाक्याचं भांडलो, एकाशी कायमचं बोलणं टाकलं. अप्पांना खोटारडा म्हणतात म्हणजे काय! त्यांचं म्हणणं अक्षरन्‌अक्षर खरं मानणारा रत्नागिरीत मी एकटाच होतो.

अप्पांना मात्र लोकांच्या बोलण्याचं काही वाटत नसे. ओटीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते एकतीस नंबरपाशी उभं करून आपला डोळा कसा चुकला ते सांगत. माझ्यासाठी मुलगी सांगून आली तेव्हा तिचे वडील चौकशीला त्यांच्याकडेच गेले, आणि अप्पांनी माझी अशी काही भलामण केली की लग्न त्याच मार्गशीर्षात उरकलं. कोणाबद्दल चांगला शब्द बोलताना त्यांना तोवर कोणी ऐकलं नव्हतं. मीही जातायेता ओटीवर टेकू लागलो. बाजारहाट करून दिला, डोळे अधू झाले तेव्हा पारशीबाबांची पत्रं वाचून दाखवली. चहा आणि लाडू मला दर खेपेला मिळत. मी समजत होतो, केवढा हा आग्रह.

ते गेले तेव्हा मी सावर्ड्याला बदलून गेलो होतो. पत्र उशिरा मिळालं, दिवसांनाही पोचता आलं नाही. दोन महिन्यांनी रजा काढून काकूंना भेटायला गेलो. घर तसंच होतं. चौकटी भिंतीवर होत्या. काकूंनी पन्नासांची ती चौकट उतरवून माझ्यापुढे ठेवली. ती मला द्यायची असं अप्पा सांगून गेले होते. मला रडू आवरेना. डोळे पुसत मी म्हणालो, काकू, त्या वेळी ही चित्रं चुलीवर सुटली नसती तर आज मी कुठे असतो!

"सुटतायत कसली," काकू म्हणाल्या. त्यांनी पदरानं काच पुसली. "चिकटलीच कुठे होती? ह्यांनी टेनिसवाल्यांची अख्खी चौकट त्या पारशाला पाठवली, तेव्हा त्यानं आपलं स्वतःचं हे दिलं. मग पेजेनं दोन्ही चिकटवली न् माझ्याकडून वाफेवर सोडवून घेतली. मी म्हटलं, अहो, जन्मभर दुसऱ्याच्या खोट्या शपथा लिहिल्यात, आता आपण घेणार? तर म्हणाले, भिक्षुकाचं पोर आहे, मोह पडला असेल. एका चित्रापायी त्याचा जन्म का नासवायचा."

ते चित्र घाटात पडलं, थैलीत विरघळलं की पारशीबाबांच्या टेबलावरच राहिलं, ते मला आजही ठाऊक नाही. मी काकूंचे दोन्ही हात धरले.

"काकू, मी ते घेतलं नव्हतं हो."

काकूंनी हात सोडवून घेतला आणि माझ्या पाठीवरून फिरवला.

"असू दे रे बाळा," त्या म्हणाल्या. "त्याला आता किती वर्षं झाली."