ऐंशीव्या वर्षीचं लग्न

अप्पांचं पुन्हा लग्न लावायचं हे आईच्या डोक्यात कुणी भरवलं, ते मला अजून कळलेलं नाही. आत्या म्हणते मी नाही, भाऊ म्हणतो मी नाही. म्हणजे तिचं तिलाच सुचलं असणार. महाराष्ट्रात ऐंशी पार केलेल्या माणसाचं सहस्रचंद्रदर्शन करतात. आमच्या कुंभकोणमकडे होम होतो, कलशांच्या पाण्याने स्नान होतं आणि शेवटी चारचौघांत नवरा बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधतो. इतक्या पिढ्या तमिळ मुलखात काढल्यावर आम्ही मराठी घरंही हेच करतो. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाच्या पाया पडलं की आपल्यालाही तेवढं आयुष्य मिळतं, अशी सगळ्यांची समजूत.

अप्पांनी हजार पौर्णिमा पाहिल्या हे खरंच. त्यांतल्या शेवटच्या पन्नासेक पाहताना आपण काय पाहतोय हे त्यांना उमगत नव्हतं, एवढंच. आधी किल्ल्या गेल्या, मग रस्ते गेले, आणि शेवटच्या वर्षात आई गेली. म्हणजे आई घरातच होती, पण घरात कुणी सभ्य बाई स्वयंपाकाला येते असं त्यांच्या मनाने घेतलं. इथे स्वयंपाकाच्या बाईंना म्हणतात तसं ते तिला 'मामी' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण इतक्या आदबीने ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. आणि बायको कुठे, तर ती देवळात गेलीय, येईलच.

आई त्यांना काही सांगायची नाही. मी सांगायचे, रोज सांगायचे, की अप्पा, हीच आई. ते घाबरून माझ्याकडे बघायचे, मग तिच्याकडे, आणि उठून परसात जाऊन उभे राहायचे. पालथ्या घड्यावर पाणी. कशाला छळतेस त्यांना, असं आई मलाच बोलायची. मी गावातच शाळेत गणित शिकवते, लग्न केलं नाही, त्यामुळे आईवडिलांचं करणं आपसूक माझ्याकडे आलं. छळ कुणाचा चाललाय हे तिला मला विचारावंसं कधी वाटलं नाही.

डॉक्टरांना विचारलं की ते म्हणत, 'वयसाच्चु'. वय झालं. फुलवालीही तेच म्हणे आणि शेजारीही तेच म्हणत. वय झालं म्हणजे उत्तर झालं का? अप्पा स्वतः नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करायचे. डोकं शाबूत असताना ते सांगायचे की नोकरीला लागलो तेव्हा वयाच्या रकान्यात साठ लिहिलं की भरपूर जगला म्हणायचो, आणि निवृत्त होईतो साठाला लोक चुकचुकायला लागले. आमचे आजोबा अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले, पणजोबा त्याच्याही आधी. ऐंशीपर्यंत पोचलेला आमच्या घरातला हा पहिलाच पुरुष. तिथवर पोचल्यावर माणसाला सांभाळायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. होमाची यादी मात्र तयार होती.

चेन्नईचा भाऊ उंटावरून शेळ्या हाकायचा. बदाम भिजवून दे, शब्दकोडी सोडवायला लाव. शब्दकोडी! ज्या माणसाला सदऱ्याचं उलटंसुलटं समजत नाही त्याला. मी एकदा फोन आईच्या हातात देऊन सरळ बाहेर निघून गेले.

लग्नाचं ठरलं तेव्हा मी आईला समोर बसवून विचारलं की ते तुला ओळखत नाहीत, दोनशे माणसांसमोर काही भलतंच बोलले तर तू काय करशील. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "एकदां त्यांच्या हातानें बांधूं दे. मग काय व्हायचें तें होऊं दे."

तेव्हा मला कळलं, आणि कळलं म्हणून जास्तच संताप आला. वर्षभर ती स्वतःच्या घरात मामी होऊन राहिली होती. एक सकाळ तरी तिला त्यांची बायको व्हायचं होतं. ते तिला मिळेल असं मला अजिबात वाटत नव्हतं, आणि तिची शोभा होताना मला बघायची नव्हती.

म्हणून मी तालीम घेतली. इथलं मंगळसूत्र हळदीच्या दोऱ्यात ओवलेलं असतं, तसाच दोरा घेऊन अप्पांना तो खुर्चीच्या पाठीला बांधायला लावलं. पहिल्याच दिवशी अप्पांनी तीन गाठी मारल्या आणि ओढून पाहिल्या. एवढी वर्षं फायलींच्या फिती बांधलेले ते हात काही विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मला एवढा धीर आला की मी भावाला फोन करून सांगितलं, काळजी करू नकोस, जमतंय. गणिताची बाई असून खुर्ची आणि आई यांतला फरक मी धरलाच नव्हता.

स्वामिमलैच्या रस्त्यावर एक हॉल घेतला होता. इन्नंबूरचे शास्त्रीबुवा आले होते. आई दारासुरम्‌च्या विणकराकडून घेतलेलं लाल रेशमी नऊवारी लुगडं नेसली होती आणि ती खरोखर सुंदर दिसत होती. कलशांचं स्नान सुरू झालं तेव्हा प्रत्येक नातेवाइकाला आपलाच कलश ओतायचा होता. अप्पा कुडकुडत होते आणि दर कलशाला पुरे म्हणत होते. मी पंचा घेऊन मध्ये शिरले तर आत्याने मला हाताला धरून मागे ओढलं. पुण्य लागतं म्हणे.

मग मुहूर्त आला. शास्त्रीबुवांनी मंगळसूत्र अप्पांच्या हातात दिलं, नागस्वरवाल्यांनी वाद्यांचा कल्लोळ सुरू केला, सगळ्यांनी मुठीत अक्षता घेतल्या. अप्पांनी मंगळसूत्राकडे पाहिलं. शेजारी पाटावर खाली मान घालून बसलेल्या आईकडे पाहिलं. आणि ते मंगळसूत्र नीट गुंडाळून परत तबकात ठेवलं.

शास्त्रीबुवांना त्यांनी तमिळमध्ये शांतपणे सांगितलं की काहीतरी चूक झाली आहे, आपलं लग्न झालेलं आहे. लोक हसले. ऐंशीच्या वयात काय विनोदबुद्धी आहे, असं मागे कुणीतरी म्हणालं. अप्पा उठून उभे राहिले. माझ्या भावाकडे वळून मराठीत म्हणाले, "माझी बाईल घरीं अहे. ती जिवंत असतां मी हें कसें करूं?"

हसणं थांबलं. वाद्यंही एकेक करून थांबली. आई तशीच मान खाली घालून बसली होती, आणि मानेवरचे केस तिने मागून उचलून धरले होते, बांधायला सोपं जावं म्हणून. ते मला बघवेना. माझा तोल गेला. मी सगळ्यांदेखत ओरडले की अप्पा, हीच आई आहे, हीच तुमची बायको, आता पुरे करा. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जागच्या जागी गार झाले. आईच्या माघारी बापाचं दुसरं लग्न लावायला निघालेली मुलगी मी. तुला लाज नाही का, असं ते हळूच म्हणाले.

तेव्हा आई बोलली. आवाज न चढवता, केस तसेच धरून.

"तिला विचारूनच आल्यें मी."

अप्पा थबकले. "काय म्हणाली?"

"बांधूं दे म्हणाली."

"रागावली नाही?"

"नाही."

त्यांनी तबकातलं मंगळसूत्र पुन्हा उचललं. मग बसले आणि त्यांनी बांधलं. रीतीप्रमाणे पहिली गाठ नवऱ्याने मारायची आणि पुढच्या दोन त्याच्या बहिणीने. आत्या हात पुढे करून उभीच राहिली, अप्पांनी तिन्ही गाठी स्वतःच मारल्या आणि ओढून पाहिल्या. अक्षता पडल्या. बायका डोळे पुसत होत्या, काय प्रेम आहे बघा म्हणत होत्या. आत्या ज्याला त्याला सांगत सुटली की तिच्या अण्णांनी, म्हणजे अप्पांनी, गंमत केली. मग पाया पडायला रांग लागली. धडधाकट, शहाणीसुरती माणसं वाकून अप्पांएवढं आयुष्य मागत होती, आणि अप्पा एकही शब्द न चुकता संस्कृतमधून आशीर्वाद देत होते.

पंगतीला मात्र ते बसेनात. मी घरी जेवेन, असं एकच धरून बसले. आत्याने विनवलं, भावाने हात जोडले, जांगिरी मिठाईचं आमिष दाखवून झालं. शेवटी आम्ही जेवण डब्यात भरून घेतलं आणि निघालो. भाऊ गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, मागे ती दोघं. मग अप्पांनी घसा साफ केला.

"मामी, तुम्ही बऱ्या अहात. मनाला लावूं नका. पण मी तुमच्या घरीं राहायला येणार नाही. ती माझ्यासाठीं जेवायची थांबली असेल."

रोजच्यासारखं त्यांना सांगायला मी मागे वळले. आईने माझ्याकडे पाहून मान हलवली, नको म्हणून.

"थांबली अहे," ती त्यांना म्हणाली. "तिच्याकडेच नेत्यें तुम्हाला."

सकाळपासून तिच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं.