आधी घरच्यांनी ऐकायचे

मी नुकती कॉलेजात जाऊ लागले होते, तेव्हा विमलताईंची आणि माझी पहिली भेट आमच्याच घरी झाली. लहानपणी, शाळेत जाण्याआधीच, बाबांनी मला घरी बोललेले ऐकून लिहायला-वाचायला शिकवले होते. "हिचा कान चांगला आहे," असे त्यांनी सांगताच ताई म्हणाल्या, "मग उद्यापासून पाठवा."

परदेशी राहणाऱ्या आशियाई लोकांवर ताई तेव्हा रेडिओसाठी मालिका करत होत्या. भिलाईहून बाहेर गेलेली माणसे तिथल्या आपल्या दिवसांबद्दलचे बोलणे कॅसेटवर भरून पाठवत. ते कागदावर उतरवणे माझे काम. ताईंचा नियम एकच, कॅसेट प्रसारणाआधी घरच्यांना ऐकवायची.

आखाती देशात वेल्डर असलेल्या गजाननरावांची कॅसेट घेऊन आम्ही भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीत त्यांच्या घरी गेलो. "सुशीला, मैं ठीक हूँ," एवढे वाजले आणि त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंच्या हातातला कप खाली पडला.

"ताई, हा ह्यायचा आवाज नोहे. अन् माह्याशी हिंदीत कावून बोलून राहिले? जित्ते आहेत ना?"

या भागाचे प्रसारण दोन दिवसांवर आले होते. ताईंनी रेडिओ केंद्राला फोन करून तो थांबवला. "लोकांना काय सांगायचं?" अधिकारी ओरडत होते. ताई शांतपणे म्हणाल्या, "आधी या बाईंना काय सांगायचं ते कळू द्या."

दुसऱ्या दिवशी गजाननरावांच्या कंपनीकडून नंबर मिळवून ताईंनी सुशीलाबाईंसमोरच आखातात ट्रंककॉल लावला. गजाननरावांसोबत खोलीत राहणारा नेपाळी दिलबहादूर हॉस्पिटलमधून बोलत होता. गजाननराव कामावर पडले होते, मोडलेला जबडा तारेने बांधल्याने त्यांना बोलता येत नव्हते. घरी काळजी नको म्हणून त्यांच्या नावाने तोच बोलला होता. सुशीलाबाईंचा विश्वास बसेना. "मले त्यायचाच आवाज पायजे!"

रिसीव्हरमधून नुसते "हं... हं..." आले.

"हेच! हेच ते!" बाई रडत ओरडल्या आणि लगेच कडाडल्या, "मले फसवता? या घरी, मंग पाहतो तुमच्याकडं! अन् त्या नेपाळीलेही घेऊन या जेवाले!"

पुढे दिलबहादूरने आपल्या खऱ्या नावाने नवी कॅसेट पाठवली. शेवटी गजाननरावांचा तोच हुंकार होता. केंद्रातल्या साहेबांनी तो आवाज कापायला सांगितला. सुशीलाबाईंना विचारून ताईंनी तो ठेवला. "साहेब, अख्ख्या भागात घरच्यांनी ओळखलेलं बोलणं तेवढंच आहे," त्या म्हणाल्या. साहेबांसमोर कुणी असे बोलू शकते, याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

ताई, आज आपण साठीत प्रवेश करत आहात. आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आपली तब्येत कशी आहे हे आम्ही दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून घेणार नाही. दर वेळी ते आपण स्वतःच, खणखणीत आवाजात, आम्हाला सांगत राहावे.